किल्लीच्या खुणेचे बूट

१२ जानेवारी

प्रिय मामा,

आधी बातमी, मग बाकीचं. वसंतातल्या नव्या बॅलेत मुख्य भूमिका मला मिळाली. फळ्यावर नाव लागलं तेव्हा माझा विश्वास बसेना, शेवटी शेजारणीकडून वाचून घेतलं. तुझी बगळी आता अख्खी संध्याकाळ एका पायावर उभी राहणार आणि लोक तिकीट काढून बघणार. मामीला जरा सावकाश सांग, नाहीतर ती गल्ली गोळा करेल.

बूट आता जास्त लागतील. तालमीला एक जोडी जेमतेम दोन दिवस टिकते आणि प्रयोगात एका संध्याकाळीच मऊ पडते. बूट-खोलीतल्या बाईंनी तुमच्या कारखान्याला मागणी पाठवली आहे. माझं माप, किल्लीची खूण. म्हणजे तुझ्याच हातचे.

पाय कसे आहेत म्हणून विचारलंस. असायचे तसेच आहेत. करंगळीला फोड, टाचेला फोड, एक नख काळं पडून गळायच्या बेतात. तालीम संपली की आम्ही सगळ्याजणी भिंतीला टेकून ओळीने बसतो, सुई स्पिरिटने पुसतो, फोडातलं पाणी काढतो, वरची कातडी तशीच ठेवून पट्टी लावतो आणि जेवायला काय आहे ते विचारतो. तालीम घेणाऱ्या आमच्या बाई म्हणतात, जिचे पाय देखणे दिसतात तिने घरी बसून घ्यावं.

आणि तू दर पत्रात विचारतोस त्याचं उत्तर: नाही, आतून काही टोचत नाही. बूट सुरेख बसतो.

तुझी,
बगळी


२० जानेवारी

बगळे,

पायांसकट आशीर्वाद. त्यांनाच जास्त गरज आहे.

तुझं पत्र घेऊन मी कारखानाभर फिरलो. भट्टीवाला म्हणाला, "आता भट्टीला पण वाचून दाखव, तीच तेवढी राहिली." तुझी आई गेली त्या वर्षी तू माझ्या बाकाखाली बसून साटिनचे तुकडे गोळा करायचीस आणि बाकीचे कारागीर म्हणायचे, पोरीला खळ खायची सवय लागेल. त्या सगळ्यांना आता तोंड लपवायला जागा नाही.

इकडची बातमी बरी नाही, पण तुझ्यापासून काय लपवायचं. देखरेखीला नव्या मॅडम आल्या आहेत. तरुण आहेत, नाकावर माशी बसू देत नाहीत. दोन-तीन बॅले मंडळ्यांनी कळवलं की किल्लीच्या खुणेचे बूट यापुढे नकोत. का नकोत, ते कुणी लिहीत नाही. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही आता खोके भरायच्या विभागात बसा, तिथे दगदग नाही." मी त्यांच्यापुढे तुझी पत्रं ठेवली. म्हटलं, माझी भाची मुख्य नर्तिका आहे आणि ती माझ्याशिवाय कुणाचा बूट पायात घालत नाही. त्यांनी पत्रं वाचली आणि मला बाकावर राहू दिलं.

म्हणून पुन्हा विचारतो, आणि नीट उत्तर दे. बुटाच्या पुढच्या कडक डबीत अंगठ्याजवळ काही लागतं का? शिवण कुठे वर येते का? कातडी सोलते ती नेमकी कुठे? मी प्रत्येक बुटात हात घालून बघतो, पण पाय तर तुझा आहे. मामाला वाईट वाटेल वगैरे मनात आणू नकोस. एखादी घालून झालेली जोडी पाठव. कापून बघतो.

मामा


२६ जानेवारी

मामी,

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहितेय, कारण घरी आलेलं पत्र मामा आधी फोडतो. हे त्याला दाखवू नकोस.

मामाचे बूट बिघडले आहेत. बुटाचा पुढचा कडक भाग, ज्याला ते डबी म्हणतात, तो कापडाचे थर खळीने चिकटवून बनतो. ओला असतानाच मामा आतून अंगठा फिरवून तो सपाट करतो. गेल्या वर्षापासून प्रत्येक बुटात एकाच जागी कापडाची एक चुणी राहून जाते. वाळली की तिचा खडा होतो. आमच्या बुटांत डावा-उजवा असा भेद नसतो, त्यामुळे डाव्या पायात तो खडा करंगळीकडे येतो आणि उजव्यात बरोबर अंगठ्यावर. डावा पाय कसाबसा सांभाळून घेतो. उजव्याची वाट लागली आहे. मी हातोडीने ठोकून पाहिलं, चाकूने खरवडलं, पण तो थरांच्या आत आहे. पहिला फोड बरा व्हायच्या आत त्याच्यावर दुसरा येतो. आता तिथे कातडीच उरलेली नाही, पट्टी काढताना मी टॉवेल तोंडात धरते.

बूट-खोलीतल्या बाई म्हणतात, वेडेपणा करू नकोस, दुसऱ्या खुणेचे घे. घेता येतील गं. पण आमच्या मंडळीत किल्लीचे बूट घालणारी आता मी एकटीच उरले आहे. इतर ठिकाणांहूनही नकार येताहेत, हे मामानेच लिहिलंय. मी सोडले की त्याला बाकावरून उठवतील.

तो दर पत्रात विचारतो, बूट कसा आहे, कुठे लागतं का. उतारवयात त्याला कौतुक हवं असतं, मला कळतं. मग खरं लिहायला हात चालत नाही. मी सांगू का त्याला? तू म्हणशील तसं करते.

बगळी


१ फेब्रुवारी

बाळ,

तुझं पत्र मधल्या सुट्टीत उघडलं आणि पुढचा तास मी मुलांना चित्रं काढायला लावली.

तुला आम्ही कधी सांगितलं नाही, आता सांगते. कारखान्याला आग लागून तो बंद होता, तेव्हा तू तिकडे वसतिगृहात होतीस. तो सगळा काळ तुझा मामा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. दाढी नाही, आंघोळ नाही, ताट पुढे ठेवलं तर बघायचा नाही. एका सकाळी शेजाऱ्याने त्याला कालव्यावरून हाताला धरून आणलं. म्हणाला, फिरायला गेलो होतो. चपला काठावर नीट जोडून ठेवल्या होत्या. त्या मीच नंतर जाऊन आणल्या.

मी पुन्हा कालव्यावर चपला आणायला जाऊ शकत नाही गं.

हंगाम संपेपर्यंत सोस. त्यानंतर त्याची निवृत्तीच आहे. चार लोक चांगलं बोलतील, फोटो काढतील, तो आपल्या पायाने घरी येईल. मग तुला हवे त्या खुणेचे बूट घाल. मी काय मागते आहे ते मला समजतं. तुला पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि तुझ्याकडे हे मागते आहे, याची लाज वाटते. तरी मागते.

कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बस. बुटात लोकरीचा पुंजका जाड घाल. हे पत्र फाडून टाक.

मामी


८ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू तर वकिलासारखा उलटतपासणी घ्यायला लागलास. अंगठ्याजवळ काही लागत नाही. शिवण जागच्या जागी आहे. कातडी सोलते ती सगळ्यांची सोलते, माझी काही मोठी नाजूक नाही.

तरी तुझं समाधान व्हावं म्हणून एक तक्रार करते. डबी जरा लवकर मऊ पडते. झालं? शोधून शोधून एवढंच सापडलं. मॅडमना हेही दाखव, नाहीतर त्यांना वाटेल भाची मामाचे नुसते गोडवे गाते.

जुन्या जोड्या आम्ही खालच्या वर्गातल्या मुलींना देऊन टाकतो. त्या त्यावर सह्या घेतात आणि खोलीत टांगतात. तेव्हा तुझ्यासाठी एकही उरलेली नाही.

तालमी जोरात आहेत. मी मजेत आहे.

बगळी


१६ फेब्रुवारी

बगळे,

शेवटी एक तक्रार आली आणि माझा जीव भांड्यात पडला. नुसतं छान छान ऐकून मला धाकधूक व्हायला लागली होती.

तुझ्या तक्रारीवर लगेच इलाज केला. तुझ्या सगळ्या जोड्यांना खळीचा एक थर जास्त दिला, कापडाची एक पट्टी जास्त घातली आणि भट्टीवाल्याच्या मागे लागून त्या जास्त वेळ भाजून घेतल्या. आता तू त्या भिंतीवर आपटल्यास तरी भिंतीलाच पोचा पडेल. मॅडमना तुझं पत्र दाखवलं. म्हटलं, बघा, चांगलं ते चांगलं म्हणते, कमी ते कमी म्हणते, अशी मुलगी आहे. दुसऱ्यांच्या नकारांकडे मी आता लक्ष देत नाही. तुझा पाय म्हणेल ते खरं.

तुझी मामी हल्ली गप्प असते. शाळेत काहीतरी बिनसलं असावं. विचारलं की भांडी घासायला उठते.

खोका उद्या निघेल. पहिल्या प्रयोगाला हेच घाल.

मामा


५ मार्च

मामी,

खोका आला. मामाने खड्याला आणखी खळ पाजून पाठवलंय. तो तक्रार तक्रार करत होता म्हणून मी एक निरुपद्रवी खोटं शोधून काढलं आणि त्याने ते मनावर घेतलं. आता डबी लाकडासारखी झाली आहे आणि आतली चुणी तिच्याहून कडक.

पहिला प्रयोग झाला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, मी वाकून नमस्कार करताना बुटातलं ओलं माझ्या बोटांमध्ये सरकत होतं. बूट-खोलीतल्या बाईंनी ते उचलले आणि कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. एका मुलीने बधिर करायचं मलम दिलंय, ते लावून मी रंगमंचावर जाते. पहिल्या अंकात तरीही दुखतं. कालपासून दुसऱ्या अंकात दुखायचं थांबतं. मला दुखण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते. पट्टी सोडली की वास येतो. घोट्यापर्यंत एक लाल रेघ चढली आहे.

प्रयोग महिनाअखेरपर्यंत आहेत. मला थांबायचं आहे, पण माझ्या तोंडून ते निघत नाही. तू एकदा म्हण, थांब. मी त्याच दिवशी थांबते.

बगळी


११ मार्च

बाळ,

लगेच डॉक्टरांना दाखव. इंजेक्शन देतील, गोळ्या देतील, ते देतील ते घे, कुचराई करू नकोस. अंगात ताप आहे का ते कळव. बधिर करणारं मलम फार लावू नये असं आमच्या शाळेतल्या नर्स म्हणतात. पाय उशीवर उंच ठेवून झोप. दूध पी.

तुझ्या प्रयोगाबद्दल वर्तमानपत्रात आलेलं कात्रण मामाने बाकासमोर चिकटवलं आहे. हल्ली काम करताना गुणगुणतो. काल स्वतःहून दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

महिनाअखेर आता फार लांब नाही. मी रोज तुझाच विचार करते.

मामी


२० एप्रिल

प्रिय मामा,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून रागावला असशील. घाबरू नकोस, मी ठीक आहे. शेवटच्या आठवड्यात रंगमंचामागे सामान हलवताना सेटची एक लोखंडी चौकट माझ्या उजव्या पायावर पडली. अंगठा वाचवता आला नाही. काढावा लागला. ऑपरेशन होऊन गेलं, आता मैत्रिणीकडे आहे, ती चांगली काळजी घेते.

अंगठ्याशिवाय टोकावर उभं राहता येत नाही, तेव्हा नाचणं संपलं. ते मी स्वीकारलं आहे, तूही स्वीकार. मंडळीच्या वसतिगृहातली खोली सोडावी लागली. माझं सामान एका पेटीत भरून त्यांनी तुमच्या पत्त्यावर पाठवलं आहे. ती पेटी मामीला उघडू दे, त्यात बायकी सामान आहे.

बुटांचा यात काही दोष नाही. तू लगेच तसलं काही डोक्यात घेशील म्हणून मुद्दाम लिहिते. दुखत नाही. येऊ नकोस, प्रवास लांबचा आहे.

बगळी


२ मे

बगळे,

तुझं पत्र आलं त्या दिवशीच मी गाडीचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी पेटी आली. तुझी मामी शाळेत होती. तू मला उघडू नकोस म्हटलंस, पण बूट कागदात असले तरी खळीचा वास मला दारातून येतो.

मुलींना वाटून टाकल्या म्हणालीस त्या सगळ्या जोड्या पेटीच्या तळाशी होत्या. मी त्या बाकावर नेल्या आणि सुरीने कापल्या. आतलं कापड काळपट, ताठ झालं होतं. सगळ्यांत एकाच जागी चुणी होती, आणि शेवटच्या जोड्यांत तिच्यावर माझी जास्तीची पट्टी. बोट फिरवून मला काहीच लागलं नाही. डोळ्यांनी दिसली. मी भट्टीवाल्याला बोलावलं, त्याने बोट घातलं आणि लगेच बाहेर काढलं.

लोखंडी चौकट कसली, पोरी.

घरी आलो आणि कापलेले बूट जेवणाच्या टेबलावर ठेवले. मग मामीने सगळं सांगितलं. तुझी पत्रं तिने जपून ठेवली आहेत, तीही दिली. कालव्याचं खरं आहे. तेव्हा माझे हात धड होते आणि माझ्या हातचं काम गेलं होतं. या वेळी गोष्टच निराळी होती. माझी बोटं गेल्या वर्षीच्या थंडीपासून मेलेली आहेत. चहा गरम आहे की गार ते मी ओठांनी ठरवतो. टाचणी टोचली तर रक्त बघून कळतं. डॉक्टर म्हणाले, साखरेचं आहे, परत येणार नाही. हे मी तुझ्या मामीलाही सांगितलं नाही.

मला बाकावरून उठायचं होतं. पण नुसतं उठायला जीव धजत नव्हता. इतर मंडळ्यांचे नकार आले तेव्हा मनाची समजूत घातली की त्यांना नव्या पद्धतीचे बूट हवे असतील. एवढी वर्षं ज्या हातांवर जगलो ते गेले, हे कुणीतरी माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं, आणि ते तुझ्याकडून मी ऐकून घेतलं असतं. म्हणून दर पत्रात विचारत होतो. हात गेल्यावर मी तुझ्या पायांनी बूट तपासत होतो गं. तू एकदा जरी "लागतं" म्हणाली असतीस, तरी मी त्या दिवशी हातोडी ठेवून घरी आलो असतो आणि मामीला चहा टाकायला सांगितला असता. तुम्हा दोघींना वाटलं म्हाताऱ्याला कौतुक हवंय.

तुझ्यावर मी रागावू शकत नाही. मामीवर रागावायला गेलो तर ती शाळेच्या साडीतच जमिनीवर बसली होती, तिला उठवण्यातच माझा राग संपला. सगळ्यांनी एकमेकांना जपलं आणि मधल्यामध्ये तुझा अंगठा गेला.

मी मॅडमना सगळं सांगितलं. किल्लीचा शिक्का त्यांच्या टेबलावर ठेवला. त्या बिचाऱ्या रडायला लागल्या, मला रडू आलं नाही.

तिकीट माझ्या खिशात आहे. पण मी आत्ता आलो तर तू मला दारात बघून हसशील आणि दुखत नाही म्हणशील. ते मला आता ऐकवणार नाही. आधी मला एक पत्र लिही. खरं लिही. ते आलं की मी निघतो.

मामा


९ मे

मामा,

दुखतं.

जो अंगठा काढला तोच दुखतो. डॉक्टर म्हणतात असं होतं, तिथे काही नसतं तरी दुखतं. बूट घातल्यावर जसं व्हायचं तसंच, त्याच जागी, आणि आता पट्टी लावायलाही काही नाही. दिवसा मैत्रीण कामावर गेली की मी उशीत तोंड खुपसून ओरडते.

मला राग आला आहे. तुझा आला आहे, कारण बोटं गेली हे तू सांगितलं असतंस तर मी दुसऱ्या खुणेचे बूट घेतले असते आणि आज नाचत असते. मामीचा जास्त आला आहे. मी तिला एक शब्द मागितला होता आणि तिने मला दूध पी म्हणून लिहिलं. माझा स्वतःचा किती आला आहे ते विचारू नकोस. मला कुणालाच माफ करता येत नाही, आणि करायला लागेल असं वाटून मी इतके दिवस तुम्हाला येऊ देत नव्हते.

ये. मामीला आत्ता आणू नकोस. माझी समजूत घालू नकोस, तुझ्या हातांबद्दलही मला काही सांगू नकोस. पट्टी बदलताना पाय घट्ट धरायला कुणीतरी लागतं, मैत्रिणीला ते बघवत नाही.

बगळी